पद्मिनीचं मीटर किंचाळतंय? खोलायच्या आधी हे तपासा

थंडीतली सकाळ. गाडी गल्लीतून बाहेर काढली, दुसरा गिअर टाकला, आणि डॅशबोर्डच्या मागून चिमणीच्या पिल्लासारखी चिवचिव सुरू झाली. वेग वाढला तशी ती दाट होत गेली आणि चाळीसला तिची एक सलग ‘कुईंऽऽ’ झाली. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर सगळं आपोआप शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्याकडे बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती १०८९ सीसीची गाडी आजही रविवारी रस्त्यावर असते. या आवाजाने माझे दोन हिवाळे खाल्ले. त्या काळात जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणं पद्मिनीची असली, तरी केबलवर चालणाऱ्या कुठल्याही वेगाच्या मीटरला, म्हणजे स्पीडोमीटरला, हाच क्रम लागू पडतो. अॅम्बेसेडर, जुनी जीप, पहिल्या पिढीची मारुती ८००, सगळ्या त्यात आल्या.

मीटरमधून आवाज आला की बहुतेक जण आधी मीटर खोलतात. तसं करू नका. कान मीटरकडे जातो कारण आवाज तिथून बाहेर पडतो, पण तो तयार कुठे होतो हा वेगळा प्रश्न आहे. केबलचं आवरण आवाज नळीसारखा वाहून आणतं आणि डॅशबोर्डचा पत्रा तो ढोलासारखा मोठा करतो. जुनं मीटर एकदा खोललं की पूर्वीसारखं बसेलच याची खात्री नसते, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आत फिरतं काय?

गिअरबॉक्सच्या शेपटाकडे, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर आटे पाडलेले असतात. त्या आट्यांत एक छोटी दातेरी गरारी बसते, तिला गॅरेजमध्ये पिनियन म्हणतात. ती केबलची आतली तार, म्हणजे इनर, फिरवते. इनर दिसायला सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी असली तरी तिचं काम वेगळं आहे. ब्रेकची तार ओढायची असते, हिला पीळ पोचवायचा असतो. म्हणून पोलादी तारांचे थर एकावर एक उलटसुलट गुंडाळून ती बनवतात, आणि समोरच्या भोकात घट्ट बसून फिरावीत म्हणून तिची टोकं चौकोनी दाबतात.

मीटरमध्ये ही तार एक चुंबक फिरवते. चुंबकाला वेढून अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षांनंतरही हीच युक्ती चालू होती. त्याच चुंबकाच्या दांड्यावरून बारीक गराऱ्यांची एक माळ किलोमीटरचे आकडे फिरवते.

म्हणजे घर्षणाच्या मुख्य जागा तीन: पिनियन, केबल आणि चुंबकाच्या दांड्याचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी. आकड्यांच्या गराऱ्या ही चौथी, पण ती क्वचितच.

पहिलं काम: आवाज मीटरचाच आहे ना?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगात क्लच दाबा आणि इंजिन मंदावू द्या. आवाज इंजिनबरोबर खाली आला तर तो मीटरचा नाही. पंखा, डायनमो, पट्टा यांच्याकडे बघा. गाडीच्या वेगाबरोबरच राहिला तर पुढे चला. ही परीक्षा घाटात किंवा उतारावर अजिबात करायची नाही.

मग रिकाम्या जागी हलकेच डावी-उजवीकडे वळणं घ्या. वळताना घरघर वाढत-कमी होत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा संशय धरा. गिअर सोडता-धरताना ‘टक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, बघा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. फोक्सवॅगन बीटलमध्ये मीटरची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून निघते, त्यामुळे तिथे वळणाचा परिणाम केबलवरही होऊ शकतो.

काटा काय सांगतो?

आता शेजारी कुणाला तरी बसवा आणि हातभर रबरी नळी द्या. नळीचं एक टोक त्याच्या कानाशी, दुसरं मीटरच्या मागे. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, काटा आणि आवाज शेजारच्याने. माझ्या गाडीत हे काम माझ्या मुलीने केलं. तिने पाच मिनिटांत जे पकडलं ते मला दोन महिने ऐकू आलं नव्हतं: चिवचिव मीटरच्या काचेशी कमी आणि खाली, केबल आत शिरते तिथे, जास्त होती.

काटा स्थिर आणि आवाज बारीक, किंकाळीसारखा, सकाळच्या गारव्यात जास्त: बुश कोरडं आहे किंवा त्याच्यावर दाब येतोय.

काटा थरथरतोय, विशेषतः वीस-तीसच्या दरम्यान, आणि जोडीला ‘टिक-टिक’ आहे: केबल. तार कुठेतरी अडकते, पीळ साठवते आणि एकदम सोडते. काट्याचा प्रत्येक झटका म्हणजे तोच सुटलेला पीळ.

काटा मेलेला आणि आत खडखड: इनर तुटली आहे, तुटलेलं टोक आवरणावर आपटतंय.

काटा ठीक, पण आकडे पुढे सरकत नाहीत आणि मधूनच ‘कट्’ होतं: आकड्यांच्या गराऱ्या.

काटा किंकाळीबरोबर एकदम वर उडून पार टोकाला गेला: गाडी बाजूला घ्या आणि केबल सोडवा. दांडा जाम होतोय किंवा वाटी चुंबकाबरोबर ओढली जातेय. तसंच दामटलं तर स्प्रिंग जाते, आणि तिच्यासारखी स्प्रिंग आज मिळणं कठीण.

टिकटिक मोजूनही घ्या. बऱ्याच गाड्यांत केबल एका किलोमीटरला साधारण सहाशेच्या आसपास फेरे घेते. म्हणजे ताशी दहाच्या वेगाला सेकंदाला दीड-पावणेदोन फेरे. त्या वेगात टिकटिक या तालाशी जुळली, तर फेऱ्यागणिक काहीतरी अडतंय: वाकलेली तार किंवा पिनियनचा तुटलेला दात. ताल याहून पुष्कळ संथ असेल तर लक्ष आकड्यांकडे न्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचं क्रोनोमेट्रिक मीटर असेल तर मात्र टिकटिक हा त्याचा स्वभावच आहे. ते घड्याळाच्या यंत्रावर चालतं, काटाही टप्प्याटप्प्याने सरकतो. त्याला दुरुस्तीची गरज नाही.

केबल मीटरपासून सोडवणं

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डॅशबोर्डच्या मागे उघडी टर्मिनलं असतात आणि केबलचं टोक धातूचं असतं; एक स्पर्श झाला तर जुनं वायरिंग धुमसायला वेळ लागत नाही. मग खालून हात घालून मीटरमागची खाचांची गोल नट बोटांनी सोडवा. पक्कड लावायचा मोह आवरा. घट्ट असेल तर कापड गुंडाळून फिरवा.

सुटलेल्या टोकावर चिंधी आणि इन्सुलेशन टेप गुंडाळा. टोक कुठल्याही टर्मिनलपासून आणि पेडलपासून लांब बांधा. बॅटरी जोडा आणि तीन-चार किलोमीटरची चक्कर मारा. मीटर बंद असेल, म्हणून फोनवर जीपीएसचा वेग चालू ठेवून तो शेजारच्याला बघू द्या.

आवाज तसाच राहिला तर मीटर निर्दोष आहे. पुढच्या टप्प्यावर जा.

आवाज गेला तर? इथेच सगळे फसतात, मीही फसलो. ‘आवाज गेला म्हणजे मीटर खराब’ असा निकाल देऊन मी मीटर काढायला निघालो होतो. पण केबल सोडवल्यावर तिच्यावरचा भारही गेलेला असतो. मीटर फिरवायला लागणारा पीळ नाही, मागचं वळण नाही, टोकाचा दाब नाही. त्यामुळे मीटरला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी मोजा.

एक, इनरचं टोक आवरणाच्या बाहेर किती येतं. स्मिथ्सच्या धाटणीच्या मीटरला ते साधारण १० मिलिमीटर असतं. तुमच्या गाडीचं माप जुन्या मूळ केबलवरून घ्या. तार लांब असेल तर नट आवळल्यावर ती चुंबकाच्या दांड्याला मागून रेटत राहते. बुश कितीही तेल पाजलं तरी किंचाळतं आणि झिजत जातं. तार जोडून बोटाने हलवली तर तिला किंचित पुढे-मागे जागा असली पाहिजे. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणून मिळणाऱ्या केबलींत हा घोळ फार असतो. नाना पेठेत किंवा कुर्ल्यात केबल घ्यायला जाल तेव्हा जुनी केबल पिशवीत घेऊन जा आणि दुकानाच्या काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून इनर आणि आवरण वेगवेगळं मोजा.

दोन, मीटरच्या अगदी मागचं वळण. ब्रिटिश गाड्यांच्या वर्कशॉप पुस्तिकांमध्ये जुना नियम आहे: जोडापासून पहिले २ इंच केबल सरळ हवी आणि कुठलंही वळण ६ इंच त्रिज्येपेक्षा तंग नको. म्हणजे ५ आणि १५ सेंटिमीटर. कुणी नंतर म्युझिक सिस्टीम बसवली असेल तर तिच्या डब्याने केबल हमखास मुरगळलेली सापडते. माझ्या पद्मिनीत नेमकं हेच होतं. डब्याच्या पट्टीने केबल मीटरमागेच काटकोनात दाबली होती. मुलीने दाखवलेली जागा तीच.

इनर काढून चक्कर

गिअरबॉक्सकडचा जोड तसाच ठेवा आणि वरून इनर हळूहळू ओढून बाहेर घ्या. हातमोजे घाला, तुटलेली एक बारीक तारसुद्धा बोट चिरते. काही केबलींत खालच्या टोकाला चकती असते, त्या वरून निघत नाहीत. तिथे जबरदस्ती न करता खालचा जोड सोडवावा लागतो.

इनर पूर्ण काढून चालवल्यावर आवाज थांबला तर गुन्हेगार केबल. तरीही राहिला तर पिनियन, नाहीतर मीटरशी संबंध नसलेलं काही.

निघालेली तार नीट बघा, सगळी माहिती तिच्यात असते. जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यात धरून टोकापासून टोकापर्यंत ओढा. जिथे धागे अडकतील तिथे तार तुटली आहे. मग ती सपाट फरशीवर, शक्य असल्यास काचेवर, ठेवून तळहाताने लाटा. सरळ तार शांत लोळते, मुडपलेली प्रत्येक फेऱ्याला उड्या मारते. शेवटी दोन्ही टोकं दोन हातांत धरून मध्ये पाळण्यासारखा झोका सोडा आणि एक टोक बोटांत सावकाश फिरवा. दुसरं टोक त्याच चालीने फिरलं तर ठीक. अडून अडून झटका देत असेल तर काट्याची थरथर तिथूनच येते. चौकोनी टोकांच्या कडा गोल झाल्या असतील तरी तार बदला. वाकलेली तार ठोकून सरळ करू नका. चार दिवस चालते आणि पुन्हा तेच.

तारेला लागलेलं काय आहे तेही हुंगा. काळं, वाळून खडबडीत झालेलं असेल तर ते जुनं ग्रीस, एक्झॉस्टच्या उष्णतेने भाजलेलं. तांबूस पूड असेल तर पाणी शिरलंय. कोकणपट्टीतल्या गाड्यांत पावसाळ्यानंतर हे नेहमीचंच. पत्र्याच्या भिंतीतून केबल जाते तिथलं रबर फाटलेलं आहे का बघा. आणि तार पातळ तेलाने निथळत असेल, गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास येत असेल, तर पिनियनकडचं सील गेलं आहे. पिळाची तार फिरताना स्क्रूसारखं काम करते आणि तेल वर, थेट मीटरपर्यंत चढवते. सील न बदलता नवी केबल टाकणं म्हणजे पैसे वाया.

पिनियन

गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावून, इंजिन थंड झाल्यावर. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड नसेल तर हे गॅरेजमध्येच करा. जोड सोडवण्याआधी आसपासची माती ब्रशने काढा, ती आत जाता कामा नये. थोडं तेल ठिबकेल, खाली पत्र्याचा डबा ठेवा. दाते मोजा, कुठला खाल्ला गेला आहे का बघा, आणि ज्या नळीत पिनियन फिरतं तिथे खेळ आहे का ते बोटाने पारखा. नवीन घेताना दात्यांची संख्या तीच हवी, नाहीतर आवाज जाईल आणि वेग खोटा दाखवेल.

ग्रीस किती आणि कुठे

इनर रॉकेलने धुऊन वाळवा. आवरणही आतून रॉकेलने धुवा आणि हवेने कोरडं करा. हे काम उघड्यावर, आसपास बिडी-सिगारेट काही नको. आवरण पिचकलेलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका.

तारेला हलकं लिथियम ग्रीस बोटांत धरून पातळ थर द्या; तार नुसती ओलसर चकाकली पाहिजे. नंतर ती आत सरकवा, वरच्या टोकाकडून सुमारे २० सेंटिमीटर परत बाहेर ओढा आणि तेवढा भाग कापडाने पुसून मग जोडा. मीटरजवळच्या या वीतभर तुकड्यावर जादा ग्रीस राहिलं तर ते वर चढतं.

आणि तेल घालू नका. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या केबलमध्ये पिचकारीने इंजिन ऑइल सोडलं होतं. आठवडाभर इतकी शांतता होती की मी खूश होतो. मग ते वर चढलं, वाटी आणि चुंबकाच्या मधल्या फटीत शिरून चिकट झालं, आणि गाडी पार्किंगमध्ये उभी असताना काटा ऐंशीवर अडकून बसला. वर्षानुवर्षं बाबांच्या हातात शून्यावर परतणारा तो काटा तसा अडकलेला बघून पोटात कालवलं. फवाऱ्याच्या डब्यातलं पातळ द्रवही इथे नको. ते उडून जातं आणि उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतं.

केबल खालून वर नेताना वळणं सैल ठेवा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि क्लिपा पिचकवू नका. मीटरची नट बोटांनी आवळा, तेवढं पुरतं.

सगळं करूनही किंचाळत असेल तर

आता मीटरचं बुश. मीटर बाहेर काढा, पण काच खोलू नका. मागच्या आट्यांच्या नळीवर अनेक मीटरना बारीक छिद्र किंवा नमद्याचा ठिपका असतो. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावरून सोडा. छिद्र नसेल तर मीटर पालथं धरून दांड्याच्या मुळाशी एकच थेंब द्या आणि तो मुरेपर्यंत, निदान तासभर, तसंच ठेवा. दुसऱ्या थेंबाचा विचार उद्या.

तपासायला जुन्या इनरचा चौकोनी टोकाचा वीतभर तुकडा बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये धरा आणि मीटर सावकाश फिरवा. काटा ज्या दिशेला वर चढतो ती बरोबर. उलटा तो शून्यावरच राहील. मिनिटाला सहाशे फेरे म्हणजे साधारण ताशी साठ, त्याहून वेगाने फिरवायची गरज नाही. इथे, तुमच्या टेबलावर, गाडीच्या गोंगाटाशिवाय बुश कसं वाजतं ते स्वच्छ ऐकू येतं. ड्रिलने आकडेही पुढे सरकतात, म्हणून आधीचं रीडिंग लिहून ठेवा आणि जेमतेम मिनिटभर फिरवा. आकडा मागे घेण्याच्या भानगडीत पडू नका. तो गाडीचा आयुष्यभराचा हिशोब आहे आणि पुढे कुणी ती विकत घेतली तर ती फसवणूक ठरते.

तेलानंतरही करकर राहिली, किंवा दांडा बोटाने हलवल्यावर डुलत असेल, तर बुश झिजलं आहे. ते काम जुन्या मीटरच्या कारागिराकडे द्या. देताना मीटर हलकेच गुंडाळा, काट्यावर दाब येऊ देऊ नका, आणि स्पीकरच्या चुंबकाशेजारी ठेवू नका.

माझ्या पद्मिनीला शेवटी लागलं ते एवढंच: म्युझिक सिस्टीमची पट्टी दोन इंच खाली, आखूड इनरची नवी केबल, आणि तेल शिरलेल्या मीटरची एकदा कारागिराकडून सफाई. त्यानंतरच्या डिसेंबरात पहाटे सहाला सिंहगड रस्त्याला लागलो. दुसरा गिअर, तिसरा, चाळीस. खिडकीची काच वर घेऊन कान लावला. टायरचा आवाज होता, इंजिनातल्या टॅपेटची ओळखीची टकटक होती, आणि काटा चाळीसवर न हलता उभा होता.